काट्यावर १३४० आलं, मग कॅराव्हॅन लिमिटमध्ये आहे ना?

प्रश्न: नमस्कार. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. यंदा सेकंडहँड चार बर्थची सिंगल अ‍ॅक्सल कॅराव्हॅन घेतली. ऑगस्टमध्ये सांगलीहून सासूबाई येतायत, त्यांना घेऊन मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक असे चौघं दोन आठवडे वेल्समधल्या पेम्ब्रोकशरला जाणार आहोत. कॅराव्हॅनच्या प्लेटवर जास्तीत जास्त वजन १३५० किलो आहे, हँडबुकमध्ये रिकामं वजन १२०५, त्यात एक गॅस सिलिंडर धरलाय पण बॅटरी धरलेली नाही. बॅटरी, सोलर पॅनल आणि मोटर मूव्हर (गाडी न जोडता कॅराव्हॅन जागेवर हलवणारी मोटर) डीलरने बसवून दिला. सगळं भरून ट्रायल म्हणून काट्यावर नेली, टाकीत थोडं पाणी होतं, कॅराव्हॅन जोडलेलीच, फक्त गाडी काट्याच्या बाहेर. १३४० आलं. नवरा म्हणतो झालं, दहा किलो शिल्लक आहेत. पण मी वहीत एकेका वस्तूचं वजन मांडलं तर बेरीज २१५ जाते, म्हणजे १४२०! कोणाचं बरोबर? आणि कमी करायचंच असेल तर आईंचा कुकर आणि आटा काढ असं त्याचं म्हणणं, त्यावरून घरात जरा वाजलंय. गेजवर नोजवेट ८० आलं, टोबारची (गाडीच्या मागच्या, कॅराव्हॅन जोडायच्या दांड्याची) लिमिट ९० आहे. गाडीचं कर्बवेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, १६५०. वहीच्या पानाचा आणि गाडीच्या प्लेटचा फोटो सोबत पाठवतेय. माझं लायसन्स इथलं, २०१९ चं आहे, ते चालेल ना?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमची वही बरोबर आहे. काटाही बरोबर आहे, फक्त तुम्ही दोघांनी तो आकडा ज्या लिमिटशी ताडून बघितला ती लिमिट त्या आकड्याची नव्हे. कॅराव्हॅन गाडीला जोडलेली असते तेव्हा तिचं सगळं वजन तिच्या चाकांवर नसतं, पुढचा थोडा भार हिचमधून, म्हणजे पुढच्या जोडणीतून, गाडीच्या टोबारवर आलेला असतो आणि तोच तुम्ही गेजवर मोजलेला ८० किलोचा नोजवेट. गाडी काट्याच्या बाहेर उभी होती ना, म्हणजे ते ८० किलो गाडीने बाहेरच्या बाहेर उचलून धरले होते, काट्याला ते कळलेच नाहीत. १३४० आणि ८० मिळून १४२०, बरोब्बर तुमच्या वहीतला आकडा. प्लेटवरची १३५० ची लिमिट, जिला एमटीपीएलएम म्हणतात, ती सबंध कॅराव्हॅनची असते, जोडणी सोडून पुढचं छोटं आधाराचं चाक (जॉकी व्हील) टेकवून उभी केलेली असताना जेवढी भरेल तेवढी. म्हणजे दहा किलो शिल्लक नाहीत, ७० किलो जास्त आहेत.

ही गफलत खूप जणांची होते हो, कारण काट्यावरचा माणूस घाईत असतो, मागे टिपर उभे असतात, जोडणी सोडायला तो सांगतच नाही आणि आपल्यालाही नको वाटतं. नवऱ्याने काही चुकीचं वाचलेलं नाही, चिठ्ठीवर १३४० च लिहिलं होतं. पुढच्या वेळी दोनातलं एक करा: सरळ जोडणी सोडून एकटी कॅराव्हॅन काट्यावर ठेवा, नाहीतर जोडलेली असताना आलेल्या आकड्यात त्याच भरलेल्या अवस्थेतला नोजवेट मिळवा. आणि एक बघा, अशा मोठ्या काट्यांवर आकडा बऱ्याचदा २० किलोच्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे १३४० म्हणजे नक्की १३४० असंही नसतं. म्हणून १३५० ला टेकायचं नाही, १३३० च्या आसपास थांबायचं असं मी सगळ्यांना सांगतो.

आता "पाच टक्केच तर जास्त आहे" असं कोणीतरी म्हणणारच, कदाचित घरातच म्हणेल. तर ७० किलो म्हणजे एक अख्खा माणूस ब्रेक, चेसिस आणि टायरवर जादा बसवल्यासारखं आहे. रस्त्यात डीव्हीएसए (वाहनं तपासणारं इथलं सरकारी खातं) किंवा पोलिसांनी थांबवून वजन केलं तर दंड वेगळा आणि वजन कमी केल्याशिवाय पुढे जायचं नाही असा हुकूम वेगळा, मग वयस्कर सासूबाईंना घेऊन सर्व्हिस स्टेशनच्या कडेला सामान उतरवत बसायचं. अपघात झाला आणि वजन लिमिटच्या वर निघालं तर इन्शुरन्सवाले क्लेमला हात आखडता घेऊ शकतात. पण मला यातलं सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की तुम्ही रस्त्यावर एकट्या नाही, मागून येणाऱ्या गाडीतही कोणाची तरी लेक बसलेली असते.

बरं, वजन गेलं कुठे ते बघू, कारण वाद तिथेच आहे. १३५० वजा १२०५ म्हणजे तुम्हाला सामानासाठी १४५ किलो. ऐकायला भरपूर वाटतात. पण तुमच्याच वहीप्रमाणे मूव्हर ३२, बॅटरी २५, सोलर पॅनल पट्ट्यांसकट ८, म्हणजे लेकीचा एक टीशर्ट आत ठेवायच्या आधी ६५ किलो संपले आणि उरले ८०. डीलर हे सांगत नाहीत. मूव्हर विकताना कॅराव्हॅन बोटावर कशी फिरते ते दाखवतात, पण हे ३२ किलो तुमच्या १४५ मधून जाणार हे कोणी बोलत नाही, आणि ते प्रत्येक ट्रिपला जातात, काढून ठेवता येत नाहीत.

मग ऑनिंग, म्हणजे कॅराव्हॅनला बाजूने लावायचा तंबू, दांडे-खुंट्यांसकट ३४, खाली अंथरायचं कार्पेट ६, दुसरा गॅस सिलिंडर १५, पाण्याचा रोलर आणि सांडपाण्याचा डबा रिकामे ९, चार खुर्च्या १६, टेबल ६, टाकीतलं पाणी २०. कपडे आणि अंथरूण-पांघरूण २२. आणि सबंध स्वयंपाकघर, म्हणजे भांडी, कुकर, तवा, पोळपाट, आटा, तांदूळ, डाळी, मसाल्याचा डबा, सगळं मिळून २२.

आता मला सांगा, आईंचं सगळं स्वयंपाकघर घरी ठेवलं, अगदी चहाची गाळणीसुद्धा, तरी १४२० चे १३९८ होतात. तरीही ४८ किलो जास्तच. त्या कुकरचं वजन दोन-अडीच किलो असेल आणि नुसत्या मूव्हरमध्ये तसे डझनभर कुकर मावतील. म्हणजे भांडण चुकीच्या वस्तूवरून चाललंय. डोळ्यासमोर असतं आणि रोज हाताळलं जातं म्हणून स्वयंपाकघर नजरेत भरतं, मूव्हर चेसिसखाली लपलेला असतो आणि बॅटरी कप्प्यात बंद असते. कुकर न्या. आईंना दोन आठवडे वरणभात मिळायला हवा. फक्त आट्याची दहा किलोची पिशवी उचलू नका, तीन-चार किलो डब्यात काढून घ्या, हॅव्हरफर्डवेस्टला मोठी सुपरमार्केट्स आहेत, तांदूळ, दूध, भाज्या, बटाटे तिथे घ्या. मेतकूट, भाजणी, लोणचं जे तिथे मिळणार नाही तेवढंच घरून.

तर काढायचं काय? पहिलं पाणी. वीस लिटर म्हणजे वीस किलो, सरळ हिशोब, आणि ते टाकीत हिंदकळतं ते वेगळंच. पोचल्या पोचल्या आईंना चहा मिळावा म्हणून भरलं असणार, कळतं मला, पण त्यासाठी पाच लिटरचा कॅन गाडीत पायाशी ठेवा, साइटवर नळ असतो. निघण्याआधी टाकी, गीझर आणि टॉयलेटच्या कॅसेटचे ड्रेन उघडून बघा, मागच्या वेळचं पाणी तिथे राहिलेलं असतं. दुसरा सिलिंडर घरी ठेवा. ऑगस्ट आहे, साइटवर विजेचं हुकअप घेणारच आहात, फ्रिज आणि पाणी तापवणं विजेवर होईल, दोन आठवड्यांच्या स्वयंपाकाला एक सिलिंडर चालून जातो. हे झाले ३५. कार्पेट राहू द्या, ६, गवत ओलं असेल तर दारापुरती एक चटई पुरते. एकूण ४१.

मग ऑनिंग ३४ आणि चार खुर्च्या १६, हे गाडीच्या डिकीत. ९१ झाले. १४२० चे १३२९. कुकर जागेवर!

पण डिकीत टाकलं म्हणजे सुटलो असं नाही हां, गाडीलाही लिमिट असते आणि लोक हेच विसरतात. तुम्ही पाठवलेल्या प्लेटच्या फोटोत चार आकडे आहेत. पहिला २२००, ती गाडीची भरलेली लिमिट. दुसरा ३७००, गाडी आणि कॅराव्हॅन मिळून. तिसरा पुढच्या अ‍ॅक्सलचा, चौथा मागच्या. कर्बवेट १६५०, म्हणजे हातात ५५०. चौघांचे २४० धरा, टोबारचे २५ आणि नोजवेटचे ८०, कारण ते ८० गाडीच्याच खात्यात पडतात, तिथे धरायचे राहतात नेहमी. उरले २०० च्या आसपास. त्यात ऑनिंग, खुर्च्या आणि एखाद-दोन बॅगा बसतात. दुसऱ्या आकड्याचं बघायचं तर गाडी पूर्ण २२०० आणि कॅराव्हॅन पूर्ण १३५० धरली तरी ३५५०, ठीक आहे. जपायचं ते मागच्या अ‍ॅक्सलला. हिच मागच्या चाकांच्याही मागे लोंबते, त्यामुळे ८० चा नोजवेट मागच्या अ‍ॅक्सलवर ८० पेक्षा जास्तच पडतो आणि पुढची चाकं तेवढी हलकी होतात. त्यात डिकीत पन्नास किलो गेले. म्हणून काट्यावर जाल तेव्हा कॅराव्हॅन जोडलेली ठेवूनच आधी गाडीची फक्त पुढची चाकं चढवा, मग अख्खी गाडी, दोन्हीतला फरक म्हणजे मागचा अ‍ॅक्सल, तो चौथ्या आकड्याच्या आत हवा. मागच्या टायरची हवा पूर्ण लोडची भरा, दाराच्या कडेला किंवा मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो.

८५ टक्क्यांचा नियम म्हणून तुम्ही ऐकलं असेल, कॅराव्हॅन गाडीच्या कर्बवेटच्या ८५ टक्क्यांपर्यंतच असावी असं इथले कॅराव्हॅन क्लब नव्यांना सांगतात. तो कायदा नाही, सल्ला आहे, पण शहाणा सल्ला आहे. १६५० चे ८५ टक्के म्हणजे १४०२, तुमची १३५० ची त्यात बसते, १४२० ची बसत नव्हती.

आता सामान ठेवायचं कुठे, यावर जरा सविस्तर लिहितो कारण वजन लिमिटमध्ये असूनही कॅराव्हॅन डोलायला लागते ती सामान चुकीच्या जागी ठेवल्याने. ट्रेडमिलवर छोटी खेळण्यातली गाडी आणि तिच्यामागे ट्रेलर लावून केलेला एक प्रयोग इंटरनेटवर खूप फिरलाय, तो लेकीला आणि नवऱ्याला दोघांना दाखवा. वजन पुढच्या बाजूला असताना ट्रेलरला बोटाने ढकललं तर दोन हेलकावे घेऊन सरळ होतो. तीच वजनं उचलून मागे ठेवली की एका टिचकीत डोलणं वाढत जातं, वाढत जातं आणि शेवटी गाडीलाच उलटं फिरवतं. वजन एक ग्रॅमही वाढलेलं नसतं.

म्हणून जड वस्तू जमिनीलगत, अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. टेबल, भांड्यांचा खोका, पाण्याचा रिकामा रोलर हे सगळं तिथे. वरच्या लॉकरमध्ये फक्त टॉवेल, चिप्सची पाकिटं, प्लास्टिकच्या प्लेटा. कुकर आणि बिडाचा तवा वर अजिबात नको, खड्ड्यात लॉकरचं दार उघडलं तर आत काय होतं ते बघवत नाही. मागच्या टोकाला, विशेषतः तुमच्यासारखी मागे बाथरूम असेल तर तिथे काही जड ठेवू नका, लोकांना तिथे सामान टाकायला सोपं वाटतं कारण जागा रिकामी दिसते. वहीत एका कोपऱ्यात "सायकल रॅक मागे?" असं लिहिलंय तुम्ही. नको. दोन सायकली मागच्या भिंतीवर टांगल्या की पंचवीस-तीस किलो अगदी टोकाला जातात, नोजवेट झपकन उतरतो आणि ट्रेडमिलवरचा दुसरा प्रकार होतो. सायकल तिथे भाड्याने घ्या.

डावं-उजवंही बघा. बऱ्याच कॅराव्हॅनमध्ये ओटा, ओव्हन आणि फ्रिज एकाच बाजूला असतात, तुम्ही त्याच बाजूच्या कपाटात आटा-तांदूळ-डाळी भरल्या तर त्या बाजूच्या चाकावर जास्त भार येतो. टायरच्या कडेवर आकारानंतर एक आकडा असतो, लोड इंडेक्स. ९५ असेल तर एक टायर ६९० किलोचा, ९७ असेल तर ७३०, ९९ असेल तर ७७५. परवाच्या काट्यावर तुमच्या दोन चाकांवर १३४० होते, सारखे वाटले तरी प्रत्येकी ६७०, आणि एक बाजू जड असेल तर एका टायरवर सहज ७०० च्या पुढे गेलं असेल. ९५ चे टायर असतील तर ते आपल्या मर्यादेच्या बाहेर चालत होते. जाऊन आकडा बघा आणि त्याच्याजवळच चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. सेकंडहँड कॅराव्हॅनचे टायर कमी चालल्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते पण रबर उन्हात वाळलेलं असतं. पाच वर्षांच्या पुढे गेले असतील तर ऑगस्टच्या आधी बदला, इथे पैसे वाचवू नका.

सगळं नव्याने लावलं की नोजवेट पुन्हा मोजायचं. सिलिंडर अगदी पुढच्या लॉकरमध्ये होता, तो काढला म्हणजे नोजवेट दहा-बारा किलोने तरी उतरेल. भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के हवं, १३३० ला ते ६६ ते ९३ होतं, तुमच्या टोबारची लिमिट ९०, तेव्हा ७५ ते ८५ च्या मध्ये आणा. कमी पडलं तर टेबल थोडं पुढे सरकवा. मोजताना कॅराव्हॅन सपाट जागी आणि हिच गाडीला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर हवा.

वस्तूंची वजनं तुम्ही बाथरूमच्या काट्यावर केलीत असं दिसतंय. त्यापेक्षा मुंबईच्या फ्लाइटआधी बॅगा तोलायला आपल्या सगळ्यांच्या घरात तो हातात धरायचा डिजिटल काटा असतो ना, तो काढा, ऑनिंगच्या पिशवीपासून मसाल्याच्या डब्यापर्यंत सगळं त्याला अडकवता येतं. आणि ट्रिपहून आल्यावर सगळं उतरवून एकदा पूर्ण रिकामी कॅराव्हॅन काट्यावर न्या. हँडबुकमधला १२०५ हा कंपनीचा आकडा आहे, प्रत्यक्षात तुमच्या कॅराव्हॅनचं रिकामं वजन थोडं जास्त निघू शकतं. सासूबाईंना हे लगेच समजेल, साखर कारखान्यावर ऊस असाच मोजतात, भरलेली गाडी आणि मग रिकामी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगतो. काही मॉडेल्सची लिमिट कंपनी कागदोपत्री वाढवून देते, चेसिस आणि अ‍ॅक्सल तेवढी क्षमता मुळातच ठेवून असतात, फी भरून नवीन प्लेट येते. कॅराव्हॅनचा सिरीयल नंबर देऊन कंपनीला ईमेल करा. ५० किलो वाढून मिळाले तरी १४०० होतात आणि तुमच्या गाडीच्या ८५ टक्क्यांत ते बसतंय, फक्त टायर त्या वजनाचे आहेत का ते आधी बघायचं. लिथियमची बॅटरी घेतली तर बारा-तेरा किलो वाचतात पण ती महाग आहे आणि आतला चार्जर तिला चालतो का ते तपासावं लागतं, यंदा त्यात पडू नका.

वाटेत एम-फोरवर ट्रक बाजूने जाईल तेव्हा आणि सेव्हर्नच्या पुलावर आडवा वारा लागेल तेव्हा थोडं हलल्यासारखं वाटेल. मागून डोलायला लागलीच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायच्या फंदात तर पडूच नका. मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर लिमिट ६०, साध्या रस्त्यावर ५०, तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन तुमची नाही. कारमार्थनच्या पुढे रस्ता बारीक होत जातो, तिथे वेळ जास्त धरा.

लायसन्सचं: २०१९ चं साधं कारचं लायसन्स चालतं. ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून वेगळ्या टोइंग टेस्टची गरज उरलेली नाही, ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेल्स त्यातच येतं. कॅराव्हॅन गाडीपेक्षा रुंद आहे तेव्हा टोइंगचे बाहेरचे आरसे लावावेच लागतील, आणि मागे तुमच्या गाडीचाच नंबर असलेली प्लेट. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर इन्शुरन्सला फोन करून दोघांची नावं टोइंगसाठी आहेत ना ते विचारून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको, याच आठवड्यात.